अंड्याच्या टरफलांवरची सावली

हॅलवर गावात अंड्याचं टरफल कुणी फेकत नाही. फेकणारा एक तर नवा आलेला असतो, नाहीतर त्याच्या घरात भाला नसतो. मार्लिसच्या खाणावळीत तर मोरीजवळ टरफलांची बादली बाराही महिने ठेवलेली. गिऱ्हाईक ऑम्लेट खाऊन उठतं, टरफलं बादलीत पडतात, उन्हात वाळतात, चुरली जातात, आणि डिसेंबरात तळं गोठलं की बर्फात कापलेल्या चौकोनातून नऊ फूट खाली तळाशी जाऊन बसतात. तळ काळा आणि पाइक मासाही वरून काळा. काळ्यावर काळं कसं दिसावं? पांढऱ्या टरफलांवरून गेला की दिसतो. एवढी साधी गोष्ट, पण शहरातले पाहुणे ऐकून हसतात. हसोत बापडे.

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार होता. भाल्यानं मासे मारायचा हंगाम त्या दिवशी संपतो. तरी मार्लिस टरफलांची पिशवी घेऊन पिकअपमध्ये चढली.

"आज शेवटचा दिवस," आर्लन म्हणाला. "आता कशाला आणखी?"

"शेवटच्या दिवशी घर झाडायचं नसतं होय रे?" ती म्हणाली आणि पिशवी त्याच्या मांडीवर ठेवून मोकळी झाली.

तिघं पुढेच दाटीवाटीनं बसले होते. आर्लन चालवत होता, मार्लिस मध्ये, आणि दाराशी ड्वेन, हात दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून. गाडी खरं तर ड्वेनची. पण गेल्या ऑक्टोबरात त्यानं ती स्वतःच्याच फाटकाच्या खांबाला घासली आणि घरात जाऊन सांगून टाकलं की आता आपण चालवणार नाही. खांबाला गाडी कुणाची घासत नाही? आर्लननं तर चौतीस वर्षं सरकारी गाडीनं रस्त्यावरचा बर्फ ढकलला, त्यात अख्ख्या तालुक्याच्या टपालपेट्या आडव्या केल्या. तो कधी चालवायचा थांबला नाही. पण ड्वेनची गोष्ट वेगळी. ड्वेन लाकडाच्या बोटी बांधायचा. फळीवर रंधा मारला की पापुद्रा असा निघायचा की त्यातून वर्तमानपत्र वाचावं. अशा माणसाला एक ओरखडा पुरतो.

"किती हळू चालवतोस," मार्लिस म्हणाली. "पुढे शवपेटी आहे का?"

"खाली तळं आहे."

"तळ्यावर दोन फूट बर्फ आहे. म्हातारा झालास."

"चालवू दे त्याला," ड्वेन म्हणाला. "उद्यापासून गाडी त्याचीच. देऊन टाकतोय."

"मला नको तुझी गाडी," आर्लन म्हणाला.

"मग काय बेमिजी शहरात तिसऱ्या मजल्यावर नेऊ? तिथं मुलीनं खोली बघितलीय. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे, म्हणाली. उद्या दहा वाजता घर विकायच्या कागदांवर सह्या केल्या की झालं."

गाडी झाडांच्या फांद्या रोवून केलेल्या वाटेनं हळूहळू चालली होती आणि तळ्यावरचं ऊन इतकं पांढरं होतं की तिघांचेही डोळे अर्धे मिटलेले होते.

बर्फावरची खोपी ड्वेननं बांधलेली. तीन माणसं कोपराला कोपर लावून बसतील एवढीच, आतून डांबरासारखी काळी, एकाही फटीतून उजेड येणार नाही अशी. कोपऱ्यात एक शेगडी, तीन तिवया, खाली बर्फात कापलेला पाण्याचा चौकोन. दार लावलं की पहिल्यांदा डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. मग पाणी उजळायला लागतं. वरून कुठूनच उजेड नसतो. बाहेरचं ऊन बर्फातून झिरपत पाण्यात उतरतं आणि पाण्यातून वर खोपीत येतं. हिरवट, शांत, घरातल्या कुठल्याच दिव्यासारखा नाही असा उजेड. माणसांची तोंडं हनुवटीकडून उजळतात. साठी उलटलेली माणसं त्या उजेडात साठीची दिसत नाहीत. कुठल्याच वयाची दिसत नाहीत.

मार्लिसनं टरफलं सोडली. ती लगेच बुडत नाहीत. डुलत, उलटीपालटी होत, थांबत थांबत खाली जातात. तिघंही वाकून बघत राहिले. शेवटचा तुकडा तळाशी बसायला बराच वेळ लागला, आणि मग खाली सगळीकडे लाह्या सांडल्यासारखं झालं.

मग आर्लननं दोर हातात घेतला आणि ड्वेननं भाला.

हे असंच ठरलेलं, तीस वर्षांपासून. आर्लनचा दोर, ड्वेनचा भाला. दोराच्या टोकाला लाकडी मासा, ड्वेननंच कोरलेला, वीतभर लांबीचा, लाल डोक्याचा, पत्र्याचे पर लावलेला, पोटात शिसं ओतलेला. दोर हलकेच वर घ्यायचा आणि सोडायचा, की तो गोल गोल पोहतो. पाइक कुठूनतरी येतो, त्याच्याकडे बघत थबकतो, आणि भालेवाल्यानं तेवढ्यात काम करायचं. भाल्याला सात टोकं. ती आधीपासून पाण्यात बुडवून ठेवायची म्हणजे आवाज होत नाही. खोपीत बोलायचं नाही, बोललंच तर कुजबुजत. पाय आपटायचा नाही.

एकदा तासभर गेला की माणूस बसल्या जागी सुटतो. आपण वर आहोत आणि पाणी खाली आहे हे ध्यानात राहत नाही. लाकडी मासा गोल फिरतो, टरफलं चमकतात, शेगडीत काहीतरी पुटपुटतं, दूर कुठंतरी बर्फ घुमतो आणि तो आवाज तिवईतून पाठीच्या मणक्यात चढतो. झोप नव्हे ती, पण जागही नव्हे. आर्लनला कधीकधी वाटायचं की आपणच तळाशी आहोत आणि वरून कुणीतरी तीन तोंडं घालून आपल्याकडे बघतंय. त्याला हे आवडायचं. लग्न केलं नाही, भावंडं विखुरली, चौतीस वर्षं पहाटे उठून दुसऱ्यांचे रस्ते मोकळे केले. वर्षभरात त्याच्या वाट्याला जे काही सुख यायचं ते बहुतेक या काळ्या खोपीत यायचं. आणि त्या सुखातही एक खास सुख होतं, त्याबद्दल त्यानं कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता.

ती बया.

हे नाव ड्वेननं ठेवलेलं. अकरा हिवाळ्यांपूर्वी पहिल्यांदा आली तेव्हाच ती हातभराहून मोठी होती. डोक्यामागे पाठीवर एक पांढरी खाच, कधीतरी घार-ससाण्यानं धरून सोडल्यासारखी. त्यावरून ओळखायची. इतर पाइक येतात ते चोरासारखे, झटकन. ही यायची ती सावकाश, स्वतःच्या घरात फिरावं तशी. आधी टरफलांवर सावली यायची आणि मागून ती. लाकडी माशाखाली येऊन थांबायची. हलायची नाही. फक्त कल्ल्यांजवळचे दोन पर मंद मंद हलत राहायचे, आणि एक डोळा वर.

पहिल्या वर्षी ती अशी थांबली, ड्वेनचा खांदा हलला, आणि आर्लनच्या करंगळीनं दोराला हिसका दिला. मुद्दाम नाही. हात दचकला म्हणा. लाकडी मासा उसळला आणि ती वळली, शेपटीच्या एका फटक्यात अंधारात गेली. भाला मागून रिकाम्या पाण्यात पडला. "हात्तिच्या, उशीर झाला," ड्वेन म्हणाला होता आणि हसला होता.

दुसऱ्या वर्षी आर्लननं मुद्दाम ओढला.

का, असं कुणी विचारलं असतं तर त्याला धड सांगता आलं नसतं. ड्वेननं मारली असती तर काय, गावात फोटो झाला असता, मार्लिसनं तुकडे करून व्हिनेगरात घातले असते, आठवडाभर सगळ्यांनी खाल्ले असते आणि संपलं असतं. आणि पुढच्या हिवाळ्यात खाली नुसती टरफलं. ओढला तर ती पुन्हा येणार होती. एवढाच हिशेब. अकरा हिवाळ्यांत ती नऊ वेळा आली आणि नऊ वेळा आर्लनची करंगळी हलली. अंधारात कोण बघतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. गावात मात्र ड्वेनची थट्टा व्हायची. "काय ड्वेन, यंदा तरी भाला मेच्या आत पडणार का?" ड्वेनही हसायचा. आर्लनला वाटायचं, हसतोय म्हणजे लागत नाहीये.

दुपारी मार्लिसला खाणावळ उघडायची होती. चर्चमधून सुटलेली मंडळी रविवारी थेट तिच्याकडेच येतात. आर्लन तिला काठावर सोडायला निघाला. ड्वेन खोपीतच थांबला.

खोपीपासून काठ तीन मैल. पहिला मैल मार्लिस गप्प होती. मार्लिस गप्प म्हणजे काहीतरी शिजतंय हे समजायचं.

"तू काही बोलणार आहेस का त्याला?" शेवटी ती म्हणाली.

"काय बोलू? मुलीकडे चाललाय. चांगलंच आहे."

"चांगलं आहे? तिसऱ्या मजल्यावर खिडकीत बसून लोकांच्या गाड्या मोजणार तो. दोन हिवाळे टिकला तर माझं नाव बदल." तिनं हातमोजे काढून मांडीवर आपटले. "डॉक्टर म्हणाला, हात ठणठणीत, डोळे ठणठणीत. हा म्हणतो, डॉक्टरनं कधी भाला धरलाय का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तुला खरंच माहीत नाही? अरे, त्या माशापायी चाललंय हे सगळं. अकरा वर्षं ती समोर येते आणि याचा हात उशिरा पोचतो. त्यानं मनात घेतलंय की आपले हात गेले. मेंदूतनं निघालेलं बोटापर्यंत पोचत नाही म्हणतो. म्हणून बोटी बांधायच्या थांबवल्या. रंधे, पटाशा वाटून टाकल्या. गाडी सोडली. काल माझ्याकडे कॉफी पीत बसला होता तेव्हा बोलला. म्हणाला, आज एक शेवटची परीक्षा. ती आली आणि हात चालला तर उद्या सह्या करायच्या नाहीत. नाही चालला तर मुकाट्यानं जायचं."

गाडी त्यानं थांबवली नाही, पण ती आपोआप इतकी हळू झाली की जवळजवळ उभीच राहिली.

"मला का नाही सांगितलं त्यानं?"

"तुझ्यासाठीच. म्हणाला, आर्लनला सांगू नकोस. दर वेळी ती निसटली की बिचारा तोंड पाडून बसतो, स्वतःला दोष देतो. त्याच्यावर आणखी ओझं नको."

काठावर उतरताना मार्लिसनं खिडकीतून लोणी-साखर लावलेल्या बटाट्याच्या पोळ्यांचं पुडकं आत टाकलं. "दोघांत खा. आणि तोंड उघड जरा. खाण्याशिवाय दुसऱ्या कामासाठीही दिलंय देवानं ते."

परत येताना आर्लननं गाडी मध्येच थांबवली. इंजिन बंद केलं. चहूकडे पांढरं, वर निळं, आणि कुठंच काही हलत नव्हतं. स्टिअरिंगवर त्यानं आपला उजवा हात ठेवला आणि करंगळीकडे बघत बसला. करायला गेलो काय आणि झालं काय, असं लोक म्हणतात. पण त्यानं तर काहीच करायला घेतलं नव्हतं. एक बोट हलवलं होतं. वर्षातून एकदा. आणि तिकडे एक माणूस काडी काडी करून स्वतःला आवरत आणत होता, शेजारच्या तिवईवर बसून.

मग त्याला सुचलं. सांगायची गरजच काय? ती आली तर दोर ओढायचा नाही. बस. ड्वेन मारेल, परीक्षा पास होईल, सह्या होणार नाहीत, आणि अकरा वर्षांचं पाप तळ्यातल्या तळ्यात बुडेल. सुंठीवाचून खोकला जाईल. मासा जाईल, पण मित्र राहील. मनातल्या मनात त्यानं तिचा निरोपही घेतला आणि त्याच्या डोळ्यात पाणी आलं. थंडीनं आलं असेल, असं त्यानं ठरवलं.

खोपीत ड्वेन तसाच बसला होता, भाल्यावर हात, नजर खाली. आर्लन बसला, दोर घेतला. डोळे अंधाराला सरावले. पोळ्यांचं पुडकं कुणी उघडलं नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. ऊन कललं असावं, कारण पाण्याचा हिरवा रंग पिवळसर होत गेला आणि खालची टरफलं उबदार दिसायला लागली. लाकडी मासा फिरत होता. एक छोटा पाइक आला, ड्वेननं भाला उचलला नाही, तो गेला. पुन्हा काही नाही. आर्लनला वाटलं, ती येणारच नाही, आणि हे वाटून त्याला आधी हायसं झालं आणि मग त्या हायसं होण्याची लाज वाटली.

आणि टरफलांवर सावली आली.

ती चौकोनाच्या एका कडेकडून आली आणि येतच राहिली, जणू तिला शेवट नव्हता. मग डोकं, चपटं, लांब, मग पांढरी खाच. गेल्या वर्षापेक्षा मोठी झाली होती. चार फुटांना दोन बोटं कमी असेल. अंगावरचे फिकट ठिपके पिवळ्या उजेडात एकेक मोजता येत होते. लाकडी माशाखाली आली आणि थांबली. तिचे ते दोन पर, झोपलेल्या लेकराच्या बोटांसारखे, उगाच उघडत मिटत होते. एक डोळा वर. आर्लनला शपथेवर वाटलं की ती आपल्याकडेच बघतेय, वाट बघतेय, कधी हिसका देतोस म्हणून.

त्यानं दोर धरून ठेवला. करंगळी तळहातात दुमडून घट्ट दाबली.

मार आता, तो मनात म्हणाला. मार लेका, ती उभी आहे.

ड्वेनचा खांदा हलला नाही. भाल्याची सात टोकं पाण्यात जिथं होती तिथंच राहिली. लाकडी मासा थांबला, हळूच एका अंगावर कलला. बया तशीच. एवढा वेळ ती आजवर कधीच थांबली नव्हती, कारण एवढा वेळ तिला कुणी थांबू दिलं नव्हतं. मग तिला कंटाळा आला असावा. तिनं अंगाला एक लांब वळण दिलं आणि आली तशीच, काही घाई न करता, टरफलांवरून सावली ओढत निघून गेली.

"गेली," ड्वेन म्हणाला. कुजबुजला नाही, साध्या आवाजात म्हणाला. "बघितलंस? उचललासुद्धा नाही मी."

"का नाही उचललास?"

"उशीरच होणार होता. मला आधीच कळलं." त्यानं भाला पाण्यातून काढून भिंतीला टेकवला. टोकांवरून पाणी ठिबकत राहिलं. "जाऊ दे. बरं झालं. आता मनात किंतु नाही. चल, आवरूया."

त्याच्या आवाजात दुःख असतं तर आर्लनला सोसलं असतं. पण त्यात सुटका होती. दुखणं कळल्यावर होते तशी.

"ड्वेन, तुझा हात हळू नाहीये."

"पुरे आता. तूही डॉक्टरसारखं नको बोलूस."

"मी दोर ओढायचो."

"कसला दोर?"

"हा. ती आली की. करंगळीनं." आर्लननं हात पाण्याच्या उजेडात धरला, जणू त्यावर लिहिलेलं होतं. "तुझा भाला सुटायच्या आत लाकडी मासा उसळायचा आणि ती वळायची. तू कधीच उशिरा नव्हतास. मी तिला आधी कळवायचो."

लांब कुठंतरी बर्फ घुमला आणि खोपीखालून निघून गेला.

"किती वेळा?"

"नऊ. पहिल्यांदा चुकून. बाकीच्या आठ वेळा मुद्दाम."

"का?"

"मारली असतीस तर पुन्हा आली नसती."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच. मला दुसरं काय आहे रे, ड्वेन? तुला घर होतं, मुलगी होती, बोटी होत्या. मी डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत जगतो आणि बाकीचं वर्ष काढतो."

"आणि आज?"

"आज नाही ओढला. मार्लिसनं सांगितलं मला. आज तू मारायला हवी होतीस."

ड्वेननं आपले दोन्ही हात पाण्यावर पसरले. खालच्या उजेडात ते मोठे, सुरकुतलेले, आणि अगदी स्थिर होते. तो त्यांच्याकडे बघत बोलला, आर्लनकडे नाही.

"मी रंधे वाटून टाकले. माझ्या बापाचे रंधे. अकरा वर्षं रोज रात्री अंथरुणात पडून बोटं उघडतोय, मिटतोय, मोजतोय. माझा नातू चार वर्षांचा झाला, मी त्याला एकदा उचलून घेतलं नाही. पडेल हातातनं म्हणून. मुलगी म्हणते, बाबा, घ्या ना. मी म्हणतो, पाठ दुखतेय." त्यानं हात मागे घेतले. "आणि तू शेजारी बसून होतास."

"होतो."

"मला कॉफी ओतून देत होतास. पाठीवर हात ठेवून म्हणायचास, पुढच्या वर्षी."

"हो."

"चुकलो म्हणू नकोस आता."

आर्लन म्हणणारच होता.

ड्वेन उठला आणि त्यानं दार ढकललं. बाहेरचं ऊन भसकन आत आलं आणि त्यासरशी पाणी काळं पडलं. टरफलं नाहीत, तळ नाही, काही नाही, नुसता डांबराचा चौकोन. त्यानं हात पुढे केला.

"किल्ली."

आर्लननं किल्ली दिली. ड्वेन गाडीपर्यंत गेला, चढला, आणि थोडा वेळ नुसता बसून राहिला. ऑक्टोबरनंतर तो त्या जागेवर पहिल्यांदा बसत होता. मग इंजिन सुरू झालं. गाडी मागे आली, वळली, आणि खोपीच्या दारापाशी येऊन थांबली. काच खाली आली. आर्लन दारातच उभा होता. चढायचं असेल असं वाटून तो पुढे झाला.

"तू चालत ये," ड्वेन म्हणाला.

"बरं."

"आणि ऐक. पुढच्या डिसेंबरात दोर माझ्या हातात असेल आणि भाला तुझ्या. ती आली की तू मारायचीस. मी बघत बसणार. मारली नाहीस तर माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही."

काच वर गेली. गाडी निघाली. सुरुवातीला जरा डगमगली, मग फांद्या रोवलेल्या वाटेवर लागली आणि वेग घेत गेली, आर्लननं तीस वर्षांत जितक्या वेगानं त्या तळ्यावर कधी चालवली नव्हती तितक्या वेगानं, सरळ रेषेत. मागे बर्फाचा भुगा उडत होता. ती पार बारीक होईपर्यंत आर्लन बघत राहिला. एकदाही ब्रेकचे दिवे लागले नाहीत.

पुढच्या डिसेंबरात. म्हणजे उद्या सह्या नव्हत्या. हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, आणि आल्यावर तो तिथंच बर्फावर मटकन खाली बसला. त्याला रडू येत होतं आणि आनंदही झाला होता, आणि या दोन्हींच्या खाली ती होती, अंधारात कुठंतरी पर हलवत, आपल्याला आणखी दहा महिने मिळालेत हे ठाऊक नसलेली.

मग तो उठला. शेगडी विझवली, खोपीचं दार लावून घेतलं आणि चालायला लागला. तीन मैल होते आणि उजेड असेपर्यंत काठ गाठायचा होता.